दुसऱ्याच्या खांद्यावरचे महाकाव्य

बेसबॉल हा आमच्या अंगणातला खेळ नव्हे. अमेरिकन साहित्य शिकताना आणि पुढे शिकवताना मॅलमड, कूव्हर, डिलिलो यांच्या कादंबऱ्यांतून तो आमच्यापर्यंत पोहोचला, आणि कादंबरीतून भेटलेल्या गोष्टीकडे पाहण्याची जी एक सवय असते त्या सवयीनेच आम्ही त्याच्याकडे पाहत राहिलो. नायक, संघर्ष, परिपूर्ती. ही सवय किती दिशाभूल करू शकते, हे आम्हांला एका सामन्यावरून झालेल्या वादात उमगले. वाद मित्रांशी होता आणि मित्र साहित्याचे जाणते अध्यापक आहेत. म्हणूनच तो खासगी न ठेवता इथे मांडणे आवश्यक वाटते.

सामना १३ एप्रिल २०२२ चा. मिनिआपोलिस शहरातील टार्गेट फील्ड या मैदानावर लॉस एंजेलिस डॉजर्सने मिनेसोटा ट्विन्सला ७-० असे हरवले. डॉजर्सचा पिचर होता क्लेटन कर्शॉ, वय ३४. सात डावांत त्याने ट्विन्सचे २१ फलंदाज ओळीने बाद केले, त्यांतले १३ स्ट्राइकआऊट. एकालाही पहिल्या बेसपर्यंत जाता आले नाही. एवढ्यासाठी त्याला अवघे ८० चेंडू लागले. आणखी सहा फलंदाज असेच परतले असते तर तो ‘परफेक्ट गेम’ ठरला असता. मेजर लीगच्या जवळजवळ दीडशे वर्षांच्या इतिहासात, २०२५ चा हंगाम संपेपर्यंत, असे सामने फक्त २४ झाले आणि कोणत्याही पिचरला ते दोनदा साधलेले नाही. परंतु आठव्या डावाआधी मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी कर्शॉला थांबवले. त्याच्या जागी आलेल्या ॲलेक्स व्हेसियाच्या चेंडूवर, एक फलंदाज बाद झाल्यानंतर, गॅरी सांचेझने हिट मारली. परिपूर्णता तिथे संपली. शून्य मात्र शेवटपर्यंत टिकले.

आमच्या एका मित्राने या सामन्याचे वर्णन ‘शेवटचे प्रकरण छापखान्यातच अडवलेली कादंबरी’ असे केले. दुसऱ्याने ‘हिशेबनीसांनी केलेला कलेचा खून’ हा शब्दप्रयोग वापरला. तिसऱ्याने १९९१ चे उदाहरण तोंडावर फेकले आणि विचारले, ‘तेव्हा जॅक मॉरिसला कोणी थांबवू शकले होते काय?’ आमचे म्हणणे असे आहे की ही तिन्ही विधाने सामन्याचे चुकीचे वाचन करतात, १९९१ चे तर अधिकच चुकीचे. आणि या चुकीच्या वाचनामागे दुसऱ्याच्या शरीरावर आपला हक्क सांगणारी एक जुनी, संभावित वाटणारी लालसा दडलेली आहे.

आधी शब्द नीट समजून घेऊ. प्रतिपक्षाला संपूर्ण सामन्यात एकही धाव न देता मिळवलेला विजय म्हणजे ‘शटआऊट’. क्रिकेटच्या सवयीने पाहणाऱ्याला अख्खा संघ शून्यावर राहणे अशक्यप्राय वाटेल. बेसबॉलमध्ये ते दर हंगामात अनेकदा घडते, कारण तिथे एकेक धाव मोठ्या कष्टाने मिळते. मौज आहे ती नोंदीच्या नियमात. एकाच पिचरने सुरुवातीपासून अखेरपर्यंत सामना टाकला, तर शटआऊट त्याच्या नावावर जमा होते. दोघातिघांनी मिळून तेच शून्य राखले, तर ते संघाचे शटआऊट असते. कोणा एकाच्या खात्यात ते जात नाही. म्हणजे ७-० हा निकाल तोच, शून्य तेच, परंतु कर्शॉच्या कारकिर्दीच्या नोंदीत त्या दिवशी विजयाची भर पडली, शटआऊटची पडली नाही. एकच कर्ता सापडला तरच कृतीला नाव द्यायचे, हा नियम साहित्याच्या अभ्यासकांना ओळखीचा वाटायला हवा. आपल्याकडेही अनेक हातांनी रचलेल्या संहितेला एखादे नाव चिकटेपर्यंत तिच्याकडे कोणी आदराने पाहत नाही. मित्रांचा संताप याच नियमातून येतो. त्यांना शून्य अपुरे वाटत नाही, त्याला एकट्याची सही नाही हे त्यांना सलते.

आता पूर्वपक्ष त्याच्या पुऱ्या बळानिशी मांडू, कारण तो दुबळा नाही. २७ ऑक्टोबर १९९१. त्याच मिनिआपोलिस शहरात, तेव्हाच्या मेट्रोडोम या छताखालच्या मैदानावर, वर्ल्ड सीरिजचा सातवा आणि निर्णायक सामना. मिनेसोटा ट्विन्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्हज. आदल्या वर्षी हे दोन्ही संघ आपापल्या विभागात तळाला होते. ट्विन्सचा पिचर जॅक मॉरिस, वय ३६, शेजारच्याच सेंट पॉल शहरात जन्मलेला. मालिकेतला हा त्याचा तिसरा सामना आणि मागच्या सामन्यानंतर मिळालेली विश्रांती तीन दिवसांची. नऊ डाव संपले तेव्हा फलक ०-० दाखवत होता. मॅनेजर टॉम केली यांनी मॉरिसला ‘पुरे झाले’ असे सुचवले. मॉरिसने ऐकले नाही. आपण थकलेलो नाही, आपण जाणार नाही, हे त्याने स्पष्ट केले आणि केली यांनी नमते घेतले. मॉरिसने दहावा डाव टाकला. एकूण १२६ चेंडू, दहा डाव, शून्य धावा. दहाव्या डावाच्या उत्तरार्धात ट्विन्सची एक धाव झाली आणि सामना १-० असा संपला.

हे वाचून ज्याच्या अंगावर काटा येत नाही त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. आमच्याही येतो. प्रश्न असा आहे की तो काटा कशामुळे येतो, आणि त्या क्षणी आपण काय वाचायचे सोडून देतो.

त्या सामन्याचा आठवा डाव पुन्हा वाचा. ब्रेव्हजचा लॉनी स्मिथ पहिल्या बेसवर होता. टेरी पेंडलटनने डाव्या-मधल्या मोकळ्या जागेत जोरदार फटका मारला. साधा हिशेब असा की एवढ्या फटक्यावर पहिल्या बेसवरचा खेळाडू धाव पुरी करतो. परंतु ट्विन्सच्या चक नॉब्लॉक आणि ग्रेग गॅग्नी यांनी चेंडू जणू आपल्याच हातात आला आहे असा बहाणा केला. स्मिथ दुसऱ्या बेसपाशी थबकला आणि अखेर तिसऱ्यापर्यंतच पोहोचू शकला. तो या हुलकावणीला फसला की त्याला चेंडूच दिसला नाही, यावर आजही दोन मते आहेत. तो थबकला, एवढे निर्विवाद आहे. पुढे एक फलंदाज बाद झाला, दुसऱ्याला मुद्दाम बेस बहाल करण्यात आला आणि तिन्ही बेस भरले. मग सिड ब्रीमने मारलेला जमिनीलगतचा चेंडू केंट हर्बेकने उचलला, घरच्या बेसवर कॅचर ब्रायन हार्परकडे फेकला, हार्परने तो पुन्हा हर्बेककडे पाठवला, आणि एकाच चेंडूवर दोघे बाद झाले. मॉरिसचे शून्य तिथे वाचले. ते कोणी वाचवले? चेंडू टाकणारा हात मॉरिसचा होता, हे खरेच. पण नॉब्लॉक आणि गॅग्नी यांचा तो बहाणा, हर्बेकची अचूक फेक, हार्परचे प्रसंगावधान यांतले एकही नसते, तर आज ज्याला आपण एकहाती महाकाव्य म्हणतो ते आठव्याच डावात गद्य झाले असते. विजयी धावही डॅन ग्लॅडनच्या पायांनी आणि दुखऱ्या गुडघ्यानिशी बदली फलंदाज म्हणून उतरलेल्या जीन लार्किनच्या बॅटने झाली. मॉरिसने त्या दिवशी बॅट हातात धरलेली नव्हती. त्या मैदानावरच्या नियमांत पिचरला फलंदाजी नव्हतीच.

यापेक्षाही बोलका पुरावा समोरच्या संघात आहे. ब्रेव्हजचा पिचर जॉन स्मोल्ट्झ, वय २४, मॉरिसकडे पाहतच मिशिगनमध्ये लहानाचा मोठा झालेला. त्यानेही त्या दिवशी एकही धाव दिली नाही. आठव्या डावात एक फलंदाज बाद झाल्यावर, दोन खेळाडू बेसवर असताना, त्याला मैदानाबाहेर बोलावण्यात आले. त्याच्या जागी आलेल्या माइक स्टँटनने हर्बेकच्या एकाच फटक्यावर दोघांना बाद होताना पाहिले आणि शून्य कायम राहिले. म्हणजे ज्या सामन्याचा दाखला देऊन आमचे मित्र ‘पिचरला मध्येच थांबवणे म्हणजे कादंबरीचे शेवटचे प्रकरण अडवणे’ असे म्हणतात, त्याच सामन्यात एका पिचरला मध्येच थांबवलेले आहे, आणि गेल्या तीस-पस्तीस वर्षांत स्मोल्ट्झच्या अडवलेल्या प्रकरणाबद्दल आम्ही त्यांच्या तोंडून एक चकार शब्द ऐकलेला नाही. कारण उघड आहे. स्मोल्ट्झ हरणाऱ्या संघात होता. कथेला त्याच्या शेवटाची गरज नव्हती. मग ही तक्रार पिचरसाठी आहे की कथेसाठी?

मिनेसोटाच्याच भूमीवरचे आणखी एक शटआऊट या वादात आमच्या मित्रांनी उच्चारले नाही. आम्ही ते उच्चारतो. १४ ऑक्टोबर १९६५, मिनिआपोलिसजवळच्या ब्लूमिंग्टनमधील मेट्रोपॉलिटन स्टेडियम, पुन्हा वर्ल्ड सीरिजचा सातवा सामना. डॉजर्सचा सँडी कोफॅक्स केवळ दोन दिवसांच्या विश्रांतीनंतर मैदानात उतरला. पाचव्या सामन्यात त्याने याच ट्विन्सवर ७-० असे शटआऊट लादले होते. त्या दिवशी त्याचा वळणारा चेंडू पडतच नव्हता, म्हणून जवळजवळ निव्वळ वेगावर त्याने सामना काढला. तीन हिट्स, दहा स्ट्राइकआऊट, २-० विजय. इथेही पाचव्या डावात, दोन प्रतिस्पर्धी बेसवर असताना, झोइलो व्हर्सायसचा सणसणीत फटका जिम गिलियमने तिसऱ्या बेसपाशी अडवला नसता तर शून्य टिकले नसते. पण आमचा मुद्दा आता गिलियमचा नाही. मुद्दा कोफॅक्सच्या कोपराचा आहे.

त्या कोपराला संधिवात जडला होता. कॉर्टिसोनची इंजेक्शने घेऊन, बर्फात हात बुडवून तो खेळत होता. १९६५ मध्ये त्याने २७ सामने एकट्याने पुरे केले, १९६६ मध्ये पुन्हा २७. त्या शेवटच्या हंगामात ३२३ डाव टाकून त्याने २७ विजय मिळवले आणि नोव्हेंबर १९६६ मध्ये, वयाच्या तिसाव्या वर्षी, निवृत्ती जाहीर केली. बेसबॉलनंतर आपल्याला बरेच आयुष्य जगायचे आहे आणि ते धड शरीराने जगायचे आहे, असा त्याच्या सांगण्याचा आशय होता. तुलनेसाठी एवढे सांगणे पुरे की २०२४ च्या हंगामात मेजर लीगच्या सगळ्या ३० संघांनी मिळून एकट्याने पुरे केलेले सामने तिसाच्या आत राहिले. एका माणसाच्या संधिवाती हातावर एके काळी जेवढा भार होता, तेवढा आता अख्ख्या लीगवर आहे. या आकड्याकडे पाहून आमचे मित्र ‘ऱ्हास’ म्हणतात. आम्हांला या आकड्यात कोफॅक्सच्या हाताची उशिरा घेतलेली दखलही दिसते.

आणि तो हात तरी कोणाचा होता? १९६५ मध्ये अमेरिकन व्यावसायिक बेसबॉलच्या करारांत ‘रिझर्व्ह क्लॉज’ नावाचे कलम होते. त्यानुसार करार संपला तरी खेळाडूवरचा संघाचा हक्क संपत नसे. मालक विकेल तिथे जायचे, नाही तर घरी बसायचे. १९६६ च्या वसंतात कोफॅक्स आणि त्याचा सहकारी डॉन ड्रायस्डेल यांनी एक विलक्षण गोष्ट केली. दोघांनी एकत्रच वाटाघाटी करायचे ठरवले आणि सराव शिबिराला जाण्यास नकार दिला. अखेरीस कोफॅक्सला १,२५,००० आणि ड्रायस्डेलला १,१०,००० डॉलर मिळाले, जे त्यांच्या मागणीहून बरेच कमी होते. हे कलम लवाद पीटर साइट्झ यांच्या डिसेंबर १९७५ मधील निर्णयाने मोडले. तोवर कोफॅक्सला निवृत्त होऊन नऊ वर्षे लोटली होती. आपल्या हाताबद्दलचा एकच निर्णय त्याच्या स्वाधीन होता, तो म्हणजे खेळणे सोडण्याचा; आणि तो त्याने घेतला.

आम्ही काय करतो? १९६५ चे पान मोठ्याने वाचतो आणि १९६६ चे पान मिटून ठेवतो. हा आमचा खरा आरोप आहे आणि तो आम्ही स्वतःवरही ठेवतो. निर्मात्याची राख किती झाली यावरून निर्मितीचे मोल ठरवण्याचा रोग साहित्याच्या वर्गांत जुना आहे. कवी क्षयाने गेला, दारूने गेला, उपेक्षेने गेला, की त्याच्या ओळींना आपण एक जादा प्रकाश देतो, आणि तो प्रकाश ओळींतूनच येतो अशी स्वतःची समजूत घालतो. हीच दृष्टी घेऊन आपण मैदानाकडे वळतो, तेव्हा पिचरचा दुखरा हात आपल्याला यातनेऐवजी अलंकारासारखा दिसू लागतो. दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवणाऱ्याला आपण भित्रा म्हणतो. दुसऱ्याच्या खांद्यावर महाकाव्य ठेवणाऱ्याला मात्र रसिक म्हणतो.

रॉबर्ट कूव्हरच्या १९६८ मधील ‘द युनिव्हर्सल बेसबॉल असोसिएशन’ या कादंबरीची इथे आठवण देणे भाग आहे, कारण आमच्या मित्रांपैकी दोघांनी ती शिकवलेली आहे. त्यातला हेन्री वॉ हा हिशेबनीस स्वयंपाकघरातल्या टेबलावर फासे टाकून एक काल्पनिक लीग चालवतो. एक तरुण पिचर त्याच्या फाशांवर परफेक्ट गेम टाकतो. वॉ हरखून जातो. आणि पुढे त्याच फाशांच्या हुकुमाने तो तरुण डोक्यावर चेंडू लागून मरतो. वॉ त्या दुःखाने मोडून पडतो, पण मेलेला माणूस कागदाचा आहे. कादंबरीची सारी भीषणता या एका गोष्टीवर उभी आहे. कर्शॉ कागदाचा नाही. त्याच्यासाठी फासे टाकायला मिळत नाहीत म्हणून चिडणाऱ्या वाचकाला कूव्हरची कादंबरी कळलेली नाही, असे आम्ही खेदाने म्हणतो.

आता प्रतिपक्षाचा सर्वांत बळकट आक्षेप. ‘पिचरला थांबवणारे मॅनेजर काय दयेने थांबवतात? ते संगणकाने दिलेल्या संभाव्यतेने थांबवतात. तुम्ही हिशेबाला करुणेचा अंगरखा चढवत आहात.’ हा आक्षेप आम्ही पूर्णपणे मान्य करतो, आणि त्याला लागणारा पुरावाही आम्हीच देतो. २७ ऑक्टोबर २०२०. मॉरिसच्या सामन्याचीच तारीख. वर्ल्ड सीरिजचा सहावा सामना, टेक्सासमधील आर्लिंग्टन येथे. टॅम्पा बे रेजचा ब्लेक स्नेल डॉजर्सविरुद्ध १-० आघाडी राखून होता. सहाव्या डावात एक फलंदाज बाद होईपर्यंत ७३ चेंडू, दोन हिट्स, नऊ स्ट्राइकआऊट. पुढे येणाऱ्या तीन फलंदाजांना त्याने त्या दिवशी सहा वेळा तोंड दिले होते आणि सहाही वेळा त्यांना स्ट्राइकआऊट केले होते. तरीही मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला काढले, कारण फलंदाजांची फळी तिसऱ्यांदा समोर येते तेव्हा पिचर मार खातो, असे सरासरी सांगते. स्नेलची नाराजी मैदानावरच दिसली. काही मिनिटांत १-० चे १-२ झाले, सामना डॉजर्सने ३-१ असा जिंकला आणि मालिकाही जिंकली. हा निर्णय आम्हांला चुकीचा वाटतो, आणि रेज हरले म्हणून नव्हे. ते जिंकले असते तरी आम्ही हेच म्हटले असते. हंगामभराच्या सरासरीतून निघालेले सूत्र समोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरून पुढे गेले. ज्याच्या हातात चेंडू होता त्याचे मत हिशेबात धरण्याजोगे मानलेच गेले नाही.

म्हणून पिचरने सामना पुरा करावा की करू नये, या प्रश्नातच आम्हांला रस नाही. विचारायचे ते असे, की त्या हाताबद्दल बोलण्याचा अधिकार कोणाला होता आणि त्याचे ऐकले गेले काय? १९९१ मध्ये मॉरिस ‘मी जाणार नाही’ म्हणाला आणि त्याचे ऐकले गेले. त्या सामन्याची थोरवी आम्ही तिथे पाहतो. हेही विसरू नये की हाच मॉरिस १९८६ च्या अखेरीस मुक्त खेळाडू म्हणून दारोदार फिरला होता. ट्विन्सच्याही दारात गेला होता, आणि कोणीही त्याला घेतले नव्हते. त्या काळात मालकांनी खेळाडूंविरुद्ध संगनमत केल्याचा निर्वाळा पुढे लवादाने दिला. पाच वर्षांनी आपल्या जन्मगावच्या संघातून खेळताना त्याने ‘नाही’ हा शब्द उच्चारला, तेव्हा त्या शब्दामागे कोफॅक्सपासून चालत आलेल्या भांडणांचे बळ होते. २०२० मध्ये स्नेलचा शब्द मोजला गेला नाही. आणि २०२२ मध्ये?

२०२२ मध्ये कर्शॉने होकार दिला. मालक आणि खेळाडू यांच्या वादातून झालेली टाळेबंदी डिसेंबर २०२१ पासून मार्च २०२२ पर्यंत चालली होती आणि सरावाचे दिवस आखूड झाले होते. आदल्या ऑक्टोबरमध्ये डाव्या हाताच्या दुखण्यामुळे त्याला सामना सोडावा लागला होता आणि पुढची निर्णायक लढत त्याला बाहेर बसून पाहावी लागली होती. हंगामातला हा त्याचा पहिलाच सामना होता. सामन्यानंतर त्याने मॅनेजरचा निर्णय योग्य ठरवला. दोष द्यायचाच तर टाळेबंदीला द्या, कित्येक महिने चेंडू हातात न घेतलेल्या मला द्या, अशा आशयाचे तो बोलला. विक्रम वैयक्तिक असतो आणि आपण इथे जिंकायला आलो आहोत, हाही त्याच्या बोलण्याचा रोख होता. आमचे मित्र म्हणतात, ‘नोकर माणूस, तो दुसरे काय बोलणार?’ हा संशय रास्त आहे. कोणताही पगारी होकार निर्भेळ नसतो. परंतु मग मॉरिसचा हट्टही निर्भेळ नव्हता, हे मान्य करावे लागेल. मॉरिस ‘नाही’ म्हणाला तेव्हा तो स्वतंत्र आत्मा, आणि कर्शॉ ‘हो’ म्हणाला तेव्हा तो दबलेला नोकर, ही वाटणी कशाच्या आधारे केली? आपल्याला हवे ते बोलणाराच खरे बोलतो, या आधारे. असल्या न्यायाला समीक्षा म्हणत नाहीत.

आजचे खेळाडू मऊ झाले, हिशेबाने त्यांचा कणा काढून घेतला, असे म्हणणाऱ्यांसाठी आणखी एकच नोंद. २०२५ च्या वर्ल्ड सीरिजमध्ये डॉजर्सच्या योशिनोबू यामामोतोने ३१ ऑक्टोबरला सहाव्या सामन्यात ९६ चेंडू टाकले आणि दुसऱ्याच दिवशी, सातव्या सामन्याच्या अखेरीस, तो पुन्हा मैदानात उतरून एकही धाव न देता संघाला जिंकवून आला. तेव्हा इच्छाशक्ती संपलेली नाही. ती कधी आणि कशासाठी खर्च करायची हे ठरवण्यात खेळाडूचा वाटा वाढला आहे, आणि प्रेक्षकाचा कमी झाला आहे. आमच्या मित्रांना जे हरपल्यासारखे वाटते, त्यातला बराचसा भाग हा आपला कमी झालेला वाटा आहे.

काहीच हरवले नाही असे आमचे म्हणणे नाही. त्या एप्रिलच्या थंडीत उरलेले सहा फलंदाज कर्शॉसमोर आले असते तर काय झाले असते, याचे कुतूहल आम्हांलाही आहे. कर्शॉ आयुष्यात परफेक्ट गेमच्या अगदी जवळ आधीही एकदा गेला होता. १८ जून २०१४ रोजी कोलोरॅडो रॉकीजविरुद्ध ८-० च्या शटआऊटमध्ये त्याने १५ जणांना स्ट्राइकआऊट केले, एकही हिट दिली नाही. आणि सातव्या डावात हॅन्ली रामिरेझच्या चुकीच्या फेकीमुळे एक फलंदाज बेसवर पोहोचला, तेवढ्यावर परिपूर्णता हुकली. एकदा सहकाऱ्याच्या हातून, एकदा मॅनेजरच्या शब्दाने. २०२५ च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला, तोवर त्याचे ३००० स्ट्राइकआऊट पूर्ण झाले होते. २०२२ मध्ये ८० चेंडूंवर थांबला म्हणूनच तो २०२५ पर्यंत टिकला, असा दावा आम्ही करणार नाही. मधल्या काळात त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रियाही झाली, आणि असले कार्यकारण जोडणे ही पुन्हा कथेचीच हाव ठरेल. त्याचा निर्णय योग्य ठरण्यासाठी पुढचे आयुष्य यशस्वी असण्याची अट नव्हती. हात त्याचा होता, एवढे कारण पुरेसे होते.

तेव्हा मित्रांना आमची विनंती इतकीच. पुढच्या सत्रात अमेरिकन कादंबरीतला बेसबॉल शिकवाल तेव्हा १९९१ चा सामना जरूर सांगा. पण हर्बेक, हार्पर, नॉब्लॉक आणि स्मोल्ट्झ यांना वगळून सांगू नका. कोफॅक्सचे १९६५ सांगाल तेव्हा त्याच तासाला १९६६ ही सांगा. आणि १३ एप्रिल २०२२ ची गोष्ट अपुरी राहिली असे विद्यार्थ्यांना सांगण्याआधी फलक पुन्हा एकदा पाहा. नऊ डाव पुरे झाले होते, ट्विन्सच्या नावापुढे शून्य होते, आणि ज्याने त्यातले सात डाव टाकले तो पुढच्या सामन्यात चेंडू टाकायला शिल्लक होता.